रबिंगची चमक आणि रंगाची जाडी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गाडी दर आठवड्याला दोन बादल्यांनी (एक साबणाची, एक कापड खंगाळायची) धुण्याबद्दल आणि रंगाच्या मायक्रॉनमधल्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीबद्दल मी आधी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया तपशीलवार आहे, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दोन बादल्या आणि मायक्रॉन हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत, सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, गाडी पुसणारा रोज सकाळी कोरडं फडकं मारतो, गॅरेजवाला वर्षातून एकदा रबिंग (कंपाऊंड, म्हणजे खरखरीत पेस्ट, लावून मशीनने घासणं) करतो आणि सहा वर्षांची काळी गाडी आजही आरशासारखी दिसते.

पाण्याबाबत तुमचं बरोबर आहे. ‘आठवड्याला धुवा’ असं मी सरसकट लिहायला नको होतं. रबिंगबाबत मात्र मला तुमचं पटत नाही.

कारखान्यातून येणाऱ्या गाडीचा सगळा रंग मिळून साधारण ९० ते १४० मायक्रॉन असतो, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाइतका. त्यात सर्वांत वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, अंदाजे ३५ ते ५० मायक्रॉन. चमक त्याचीच, आणि खालच्या रंगाला उन्हापासून वाचवणारी रसायनंही त्यातच. रबिंग म्हणजे चरा बुजवणं नव्हे. चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर खरवडून काढणं. जाड कंपाऊंड आणि लोकरी पॅड असेल तर एका वेळी ३ ते ५ मायक्रॉन सहज जातात. सहा वर्षांचा हिशेब तुम्हीच करा. हा थर परत येत नाही. तो पातळ झाला तरी चमकतोच, म्हणून डोळा फसतो. मग एखाद्या उन्हाळ्यानंतर छतावर आणि बॉनेटवर पांढरट चट्टे येतात, पापुद्रे सुटतात. त्यावर पॉलिश चालत नाही. तो भाग घासून नव्याने रंगवावा लागतो.

तुमच्या बॉनेटवरची उठावदार रेष आडव्या उजेडात बघा. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि मशीनचा दाबही तिथेच जास्त पडतो. रेषेच्या माथ्यावर दोऱ्यासारखी निस्तेज पट्टी दिसली, तर तिथला क्लिअर कोट संपत आलाय.

आता रबिंग दरवर्षी का लागतं, ते पाहा. धुळीत गारगोटीचे कण असतात, क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. कोरडं फडकं ते कण पत्र्यावर घासत नेतं, आणि तेच फडकं आधी दहा गाड्यांवरून फिरलेलं असतं. रात्री मोबाईलचा टॉर्च वीतभर अंतरावर धरा. उजेडाभोवती बारीक चऱ्यांचं, कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं दिसेल. पॉलिशनंतर ते दिसत नसेल तर आणखी एक खात्री करा: आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन हातभर जागा पुसा. जाळं परत दिसलं तर चरे गेलेलेच नव्हते, पॉलिशमधल्या तेलाने नुसते भरले होते.

जाडी मोजायची तर गेज (रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र) असलेल्या पेंटरकडून प्रत्येक भागावर, कडा सोडून, पाच ठिकाणी आकडे घ्या. ८० मायक्रॉनच्या खाली आकडा आला तर तिथे मशीन लावूच नका. २०० च्या वर म्हणजे बहुधा पुन्हा रंगवलेलं. ५०० च्या पुढे म्हणजे आत पुट्टी. गेज एकूण जाडी सांगतं, क्लिअर कोट किती उरलाय ते नाही. दाराच्या आतल्या चौकटीशी तुलना करू नका, तिथे रंग कारखान्यातच पातळ असतो. बंपर प्लास्टिकचा, त्यामुळे साधं गेज तिथे चालत नाही.

पाणी नसताना काय करायचं? नुसती धूळ असेल तर हातच लावू नका. बसलेली धूळ रंगाचं काही बिघडवत नाही, घासलेली बिघडवते. काचा तेवढ्या पुसा. पुसणाऱ्या दादांनाही हेच सांगा, त्यांचे पैसे न कापता.

पंधरा दिवसांनी ४ लिटर पाण्यात रिन्सलेस शाम्पू (नंतर पाण्याने धुवावा न लागणारा) घाला. बहुतेक बाटल्यांवर १५ मिलीच्या आसपासचं प्रमाण असतं, पण आपल्या बाटलीवरचं पाहा. सात-आठ मायक्रोफायबर कापडं त्यात भिजवा आणि चौपदरी घडी करा. घडीची एक बाजू एका भागाला. मळली की पालटायची, बादलीत परत बुडवायची नाही. सुरुवात छतापासून, दारांखालच्या पट्ट्या शेवटी, हात सरळ रेषेत, दाब नाही. चिखल वाळून चिकटला असेल तर ही पद्धत नको. पाणी येईल त्या दिवशी आधी पाइपने तो सोडवा.

पक्ष्यांच्या विष्ठेला मात्र थांबू नका. ओलं कापड दहा मिनिटं ठेवून अलगद उचला, त्याच दिवशी. उन्हात ती क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडते. बोअरचं पाणी वापरलंत तर सावलीत वापरा आणि लगेच टिपून घ्या, नाहीतर क्षारांचे डाग बसतात.

यंदा गॅरेजवाल्याला कंपाऊंड लावू देऊ नका. छत, बॉनेट आणि डिकीला हाताने वॅक्स पुरे. दारांवरचं जाळं फारच खुपत असेल तर आधी आकडे घ्या, मग मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश, कडांना मास्किंग टेप लावून. आकडे इथे लिहिलेत तर कुठे मशीन चालेल आणि कुठे नाही, ते एकेका भागाचं सांगतो.