खुलासा : स्का रेगेतून निघालेला नाही

स्का आणि रेगे हे दोन संगीतप्रकार. जुन्या पंक-स्का बँडच्या याद्यांसोबत त्यांच्याबद्दल एक वाक्य हमखास फिरतं: ‘स्का म्हणजे रेगेचा वेग वाढवून १९७९ साली इंग्लंडात केलेला प्रकार.’ क्रम नेमका उलटा आहे. स्का जमैकाचा, किंग्स्टनचा; १९६२ च्या स्वातंत्र्याच्या सुमारास तो तिथे ऐन भरात होता. १९६६ च्या आसपास लय संथ झाली, ती रॉकस्टेडी. रेगे त्याच्याही नंतरचं, १९६८ च्या सुमाराचं.

मग १९७९ कुठून आलं? त्या वर्षी इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत स्पेशल्स या बँडच्या जेरी डॅमर्सने टू टोन हे रेकॉर्ड लेबल काढलं. स्पेशल्सचं ‘अ मेसेज टू यू, रूडी’ त्याच वर्षीचं, पण मूळ गाणं डँडी लिव्हिंगस्टनचं, १९६७ चं. आणि दोन्हींत ट्रॉम्बोन (फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) रिको रॉड्रिग्जचाच! मॅडनेस या इंग्लिश बँडने तर नावच जमैकाच्या प्रिन्स बस्टरच्या गाण्यावरून घेतलं.

घोळ होतो तो मोजण्यात. स्का ऐकताना पाय बेसबरोबर, म्हणजे खर्जातल्या तंतुवाद्याबरोबर, आपटा, तोंडाने ‘एक-आणि-दोन-आणि’ म्हणा: गिटारचा तुटक फटकारा प्रत्येक ‘आणि’वर पडेल. दुप्पट वेगाने मोजलंत, तर तोच फटकारा दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर येतो. रेगेत तो तिथेच मोजतात, म्हणून स्का ‘पळवलेलं रेगे’ वाटतं. पण रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात पहिली मात्रा मोकळी असते, ड्रमचा भार तिसरीवर येतो आणि बेस जागा सोडत वाजतो. स्कातला बेस बहुधा न थांबता चालत राहतो.

यादी करताना स्पेशल्सच्या वर जमैकाचा १९६४ चा बँड स्कॅटलाइट्स लिहा, डॉन ड्रमंडच्या ट्रॉम्बोनसकट.