पावसात भिजणारी कॉट आणि आमचा सेल्फी पॉइंट

आज सकाळी दूध घेऊन येताना आमच्या सेवाभावी क्लबच्या खोलीवरनं आलो. बाहेर व्हरांड्यात फाऊलर कॉट, म्हणजे डोक्याकडनं उचलता येणारी पेशंटची कॉट, उभी करून ठेवलेली. निम्मी पत्र्याखाली, निम्मी पावसात. शेजारी वॉकर एकात एक अडकवलेले, कमोडची खुर्ची उलटी, आणि या सगळ्यावर गेल्या वर्षीच्या पदग्रहण समारंभाचा फ्लेक्स टाकलेला. माजी अध्यक्षांचा हसरा चेहरा नेमका कमोडच्या खुर्चीवर. आधी हसू आलं. मग टाळकं सरकलं.

खिडकीतून आत डोकावलो तर सेल्फी पॉइंटचं सामान. 'आय लव्ह' आणि पुढं गावाचं नाव, पुरुषभर उंचीची अक्षरं, एलईडीच्या माळा, ग्रॅनाइटच्या फरश्या. म्हणजे अक्षरं भिजू नयेत म्हणून पेशंटची कॉट बाहेर काढली! (गावाचं नि क्लबचं नाव मुद्दाम घालत नाही. वेदगंगेच्या अल्याड-पल्याडचे ओळखतीलच. आणि हो, मी स्वतः मेंबर आहे, वर्गणी वेळेवर भरतो, म्हणून बोलतोय.)

पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी सांगतो, ही खोली म्हणजे आमच्या क्लबची रुग्णसाहित्य बँक. कॉट, हवेची गादी, व्हीलचेअर, कुबड्या, वॉकर. डिपॉझिट ठेवा, वस्तू न्या, काम झालं की आणून द्या, डिपॉझिट परत. भाडं एक पैसा नाही.

आमच्या आबांचा न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मला या खोलीची किंमत कळली. ऑपरेशन कोल्हापूरला झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, डोक्याकडनं उचलता येईल अशी कॉट बघा आणि हवेची गादी बघा, नाहीतर पाठीला जखमा पडतील. तिथल्या दुकानात भाड्यानं मिळत होतं, पण त्यांना कोल्हापुरातलाच जामीन पाहिजे. आता रात्रीचा कोण जामीन शोधू? गाडीतनंच चावीवाल्या मामांना फोन केला. मामा जेवायला बसले होते. "तुम्ही या गाडी घिऊन, मी हात धुतो," एवढंच म्हणाले.

मामा क्लबचे मेंबर नाहीत, हे मुद्दाम सांगतो. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आमची वार्षिक फी त्यांना परवडायची नाही, आणि परवडली तरी गळ्यात पट्टा घालून घंटा वाजवत बसणं त्यांना जमायचं नाही. त्यांच्याकडं फक्त चावी आणि वही. परवाच्या समारंभात तीन तास शाली, श्रीफळं, बुके चालले. मंडपवाल्याचा सत्कार झाला, साउंडवाल्याचा झाला. मामा मागं खुर्च्या लावत होते.

दुखणं कुठं आहे ते सांगतो. रोटरी घ्या, लायन्स घ्या, यांचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं. अध्यक्ष एका वर्षाचा. येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचा प्रोजेक्ट हवा असतो, ज्यावर स्वतःच्या नावाची कोनशिला बसेल. आधीच्यानं सुरू केलेलं काम चालवण्यात नाव कुणाचं होणार? एका वर्षी झाडं लावली, पुढच्यानं पाणी घातलं नाही. एका वर्षी शाळेला पाण्याचा फिल्टर दिला, त्याची कँडल बदलायला आजवर कुणी गेलं नाही. नव्या झाडांचे आणि नव्या फिल्टरचे फोटो तेवढे दर वर्षी.

आता कुणीतरी कमेंटमध्ये पोलिओ आणणारच, म्हणून आधीच सांगतो. मान्य. 1985 पासून रोटरीनं पोलिओचा ध्यास घेतला, 2011 नंतर आपल्याकडं नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा पेशंट सापडला नाही, आणि 27 मार्च 2014 ला आपण पोलिओमुक्त ठरलो. काम मोठंच. पण ते झालं कसं? बायका डोस घेऊन दारोदार फिरल्या, पोराच्या करंगळीला शाई लावली, राहिलेल्या घरी परत गेल्या, पुढच्या फेरीला पुन्हा तेच. असलं कंटाळवाणं काम कोण करतंय सांगा आता आमच्यात.

मामा करतात. त्या रात्री कॉट टेम्पोत चढवून ते स्वतः घरी आले. गादी अंथरली, पंप जोडला, हाताचा पंजा गादीखाली घालून हवा बघितली. एका ओळीतल्या फुग्यांत हवा भरते तेव्हा शेजारच्या ओळीतली उतरते, म्हणजे पाठीच्या एकाच जागेवर भार राहत नाही, हे त्यांनी आमच्या आईला बोट ठेवून दाखवलं. आणि वर बजावलं, "गादी हाय म्हणून निवांत बसायचं न्हाई वैनी. दोन तासाला कूस बदलायचीच." आबांच्या पाठीला एक जखम झाली नाही. पुढं वॉकर आणला तेव्हाही तसंच. आबांना भिंतीला धरून उभं केलं, हात सरळ खाली सोडायला लावले, मनगटाच्या रेषेला मूठ येईल एवढी उंची बटणं दाबून धरली. खालची रबरी बुचं अंगठ्यानं दाबून बघितली, दोन झिजली होती, ती तिथंच बदलली. ओल्या फरशीवर झिजलेलं बूच म्हणजे दुसरा खुबा मोडलाच म्हणून समजा.

तीच बुचं आज व्हरांड्यात चिखलात आहेत!

आणि आपल्या भागात ही खोली का लागते, हे सभेत दर वेळी सांगावं लागतं याची लाज वाटते. महाराष्ट्र म्हणतो सीमाभागातली 865 गावं आमची, इकडचं कर्नाटक सरकार म्हणतं एक इंच देणार नाही. महाराष्ट्राची आरोग्य योजना या गावांना देण्यावरूनही दोन्हीकडनं भांडण झालं. कॉट मात्र ना बेंगळुरूहून येते ना मुंबईहून. 2019 च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, कोल्हापूरचा रस्ता तुटला. 2021 ला पुन्हा तेच. त्या दिवसांत घरात म्हातारं माणूस पडलं असतं तर गावात होती ही एकच खोली. मामांची वही एकदा उघडून बघा. विडी वळणाऱ्या बायका आहेत त्यात, डॉक्टर आहेत, मराठी सही आहे, कन्नड सही आहे, नुसता अंगठाही आहे.

अध्यक्ष माणूस वाईट नाही, हेही लिहितो. पुरात त्यांनी स्वतःचा ट्रॅक्टर घालून माणसं बाहेर काढली, तेव्हा एक फोटो काढला नव्हता. आणि सेल्फी पॉइंटनं पोरं खूश होतील, संध्याकाळी नाक्यावर जरा उजेड पडेल, खोटं कशाला बोलू. पण गेल्या मीटिंगमध्ये, "साहित्य बँक जुनी झाली, रिपोर्टमध्ये तिचं वजन पडत नाही," असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे भजी खात माना डोलवत बसले, ते माझ्या डोक्यातनं जात नाही. वजन पडत नाही? आमचे आबा उचलून बघा एकदा, मग कळेल वजन!

आबांना आत्ता हे वाचून दाखवलं. ते म्हणतात, "एवढं लिवू नगंस, लोकं नाराज हुतील. फोटो काढू देत की. बुचं तेवढी बदलत जावा म्हणावं." घ्या. ज्यांच्यासाठी भांडतोय तेच समजुतीचे.

बरं, कोविडच्या वेळी आलेली ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मशिनं कुठायत तेही दुपारी बघून आलो. जिन्याखाली, पोत्यात गुंडाळून. ती नुसती पडून राहिली आणि दमट हवा लागली की आतली चाळणी खराब होते, मग मशिन सुरू होतं पण ऑक्सिजन पुरेसा देत नाही. म्हणून मामा ती अधनंमधनं चालवायचे, जाळी धुवायचे. आता जिन्याखाली प्लगच नाही.

तर आता ऐका. आमची मागची वखार रिकामी आहे. तंबाखूचा खकाणा आहे, पेशंटचं सामान तसंच ठेवता येणार नाही हे कळतं मला. आज रात्री झाडून धुऊन घेतो, चुना मारायला माणूस सांगितलाय. मामांशी बोललो, ते म्हणाले, "चावी कुठल्या का कुलपाची असंना, माझ्याकडंच ऱ्हाऊ दे." अध्यक्षांनाही फोन केला. ते "बघू" म्हणालेत. मी बघत बसणार नाही. उद्या सकाळी नऊला सामान हलवायचं आहे. कॉटा जड आहेत, चार माणसं लागतील, आणि मागचं फाळकं उघडणारा टेम्पो लागेल. कुणाकडं असेल तर इथंच सांगा. डिझेल मी घालतो.