‘त्यांच्या रक्तातच दारू’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: कॅनडा-अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या रक्तातच दारूचं वेड आहे, आत्महत्याही त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यात, सरकार फुकट पोसतं, तरी ढोल बडवून नि धुरी देऊन व्यसन सोडवायला बघतात, त्यापेक्षा धरून डॉक्टरकडे न्या. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांत शिकलेसवरलेले आहेत, म्हणून हा खटाटोप.

आधी रक्ताचं. असं खास जनुक शोधण्याचे प्रयत्न झाले, हाती काही लागलं नाही. उलट अमेरिकेतल्या 2009 ते 2013 च्या राष्ट्रीय पाहणीवरचा अभ्यास 2016 मध्ये आला. आदल्या महिन्यात दारूला शिवलेही नाहीत असे मूळ रहिवासी जवळपास 60 टक्के, तर गोरे 43 टक्के. एका बैठकीत बेसुमार पिणाऱ्यांचं प्रमाण दोघांतही साधारण 17 टक्के. दारूने होणारे मृत्यू मात्र मूळ रहिवाशांत जास्त, हे नाकारायचं कारण नाही. पण त्याचं उत्तर गरिबीत आणि लांबच्या दवाखान्यांत शोधायला हवं.

आत्महत्यांचा मुद्दा जास्त गंभीर आहे, आणि मेसेज सगळ्यात जास्त तिथेच घसरतो. कॅनडाच्या सरकारी आकडेवारीनुसार 2011 ते 2016 या काळात फर्स्ट नेशन्समधलं (कॅनडातल्या मूळ रहिवाशांचा एक मोठा गट) प्रमाण इतरांच्या तिप्पट होतं. हा आकडा सगळे उचलतात. त्याच अहवालातलं दुसरं वाक्य कुणी उचलत नाही: 60 टक्क्यांहून थोड्या अधिक समुदायांत त्या काळात एकही आत्महत्या नव्हती. दोष रक्तातच असेल, तर एका वस्तीत घराघरांत दुःख आणि दुसरीत वर्षानुवर्षं एकही घटना नाही, हे कसं?

मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नेमका हाच फरक तपासला. त्यांचा अभ्यास 1998 चा. शाळा, आरोग्यसेवा, पोलीस-अग्निशमन, सांस्कृतिक केंद्र, स्वतःचा कारभार, जमिनीच्या हक्काचा लढा: हे सहाही जिथे समाजाच्या हाती होतं, तिथे अभ्यासाच्या पाच वर्षांत तरुणांची एकही आत्महत्या आढळली नाही. यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, मान्य. पण ‘रक्ता’ची गोष्ट तर नक्कीच मोडीत निघते.

आता ढोल की डॉक्टर. मेसेजवाल्याने हा झगडा स्वतःच लावलाय. ब्रिटिश कोलंबियातल्याच अल्काली लेकमध्ये जवळपास अख्खं गाव दारूत बुडालेलं होतं. 1972 मध्ये फिलिस चेल्सी यांची सात वर्षांची लेक म्हणाली, तुम्ही पिता, मी घरी येणार नाही. फिलिसनी दारू सोडली, पाठोपाठ नवरा अँडी यांनी. अँडी पुढे गावाचे प्रमुख झाले. चोरून दारू विकणाऱ्यांना पोलिसांकरवी पकडलं. कुणी उपचार केंद्रात गेलं की मागे त्याची पोरं गाव सांभाळी, घराची डागडुजीसुद्धा करी. आणि स्वतःचे विधी विसरायला झाले होते, म्हणून दुसऱ्या जमातींतल्या जाणत्यांना बोलावून ते पुन्हा शिकले. यात ढोल कुठे संपला आणि उपचार कुठे सुरू झाला, सांगा बरं!

फुकट पोसण्याबद्दल एवढंच: कॅनडात मूळ रहिवाशांशी झालेल्या 1876 च्या सहाव्या करारात औषधपेटी देण्याचं वचन लिहिलेलं आहे. जमिनीच्या बदल्यात दिलेल्या वचनाला भीक म्हणत नाहीत.

राहिलं ‘धरून न्या’. सुमारे दीड लाख मुलांना निवासी शाळांत घालून त्यांची भाषा तोडण्याचा उद्योग कॅनडाने करून झालाय. पॉटलॅचसारख्या (भेटी वाटण्याचा पारंपरिक सोहळा) समारंभांवर 1885 ते 1951 कायद्याने बंदी होती. आजीला सरकारी माणसांनी उचलून नेलं, त्या घरातला पोरगा सरकारी खुर्चीसमोर मन मोकळं करेल?

ॲरिझोनातल्या व्हाइट माउंटन अपाची लोकांनी वेगळी वाट धरली. कुणाच्या जिवाला धोका दिसला की कळवायचं, असा नियम जमातीने स्वतः केला, 2001 मध्ये. मग प्रशिक्षण घेतलेला अपाची कार्यकर्ताच घरी जातो, त्या माणसाशी बोलतो, उपचारांशी गाठ घालून देतो. वडीलधारी मंडळी शाळांत जाऊन मुलांशी बोलतात. 2001–06 मध्ये लाखामागे 40 असलेलं आत्महत्यांचं प्रमाण 2007–12 मध्ये 24.7 वर आलं. त्याच काळात अमेरिकेचं एकूण प्रमाण वाढत होतं.