काढणं अवघडच असू द्या
कॅगला, म्हणजे सरकारचे हिशोब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकाला, पदावरून काढण्याची प्रक्रिया सोपी करा, हे लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. इथे सोलापुरात एका पतसंस्थेत मी वह्या लिहायचो. डिझेलच्या एकाच पावतीवर तारीख खोडून दोनदा पैसे उचललेले, ते हिशोबतपासनिसांनी पेन्सिलीने गोल करून दाखवलं. पुढच्या वार्षिक सभेत त्यांनाच बदललं. हात वर झाले, चहा आला, विषय संपला.
घटनेचं कलम १४८ कॅगच्या बाबतीत नेमकं हेच होऊ देत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखंच: गैरवर्तन किंवा अक्षमता सिद्ध व्हायला हवी, संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत हवं, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचं दोनतृतीयांश. मगच राष्ट्रपतींचा आदेश. बदलायचीच असेल तर नेमणुकीची पद्धत बदला, तिच्यासाठी घटनेत निवड समितीच नाही.