‘स्टेम जितका आखूड, तितका ताबा जास्त’: ट्रायल्स सायकलपुरता एक प्रतिवाद

नाशिकमधल्या सायकलस्वारांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. त्याचा आशय असा: माउंटन बाइकवर लांब स्टेमचे (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या नळीला हँडल जोडणाऱ्या भागाचे) दिवस संपले, आता सगळे 35 ते 50 मिलिमीटरचेच स्टेम लावतात, तेव्हा ट्रायल्स सायकललाही (पाय न टेकता, तोल सांभाळत आणि उड्या मारत दगड-अडथळे पार करण्याच्या खेळाच्या सायकललाही) आखूड स्टेमच लावावा. त्याने हँडल झटकन वळते, पुढचे चाक सहज उचलले जाते आणि स्टेम तुटण्याची भीती राहत नाही. उंची कमी पडली तर खाली स्पेसर (नळीवर चढवायच्या कड्या) घालावेत, आणि मनासारखा स्टेम मिळालाच नाही तर अंबड-सातपूरच्या एखाद्या वर्कशॉपमधून बनवून घ्यावा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे आणि माउंटन बाइकविषयी त्याने जे म्हटले आहे ते खरेही आहे. परंतु ट्रायल्सला नुकतीच सुरुवात केलेली मुले हा मजकूर वाचून सायकलीचा मूळ स्टेम काढून टाकू लागली आहेत, आणि मग मागच्या चाकावर तोल का सांभाळता येत नाही याचे कारण स्वतःच्या सरावात शोधत बसतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन त्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

‘माउंटन बाइकवर चालते ते ट्रायल्सवर चालेल’ या गृहीतकावर बाकीचे सगळे मुद्दे उभे आहेत, त्यामुळे सुरुवात तिथूनच केली पाहिजे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत माउंटन बाइकची फ्रेम पुढच्या बाजूने लांबत गेली आणि तिचा हेड अँगल (फोर्कच्या नळीचा जमिनीशी होणारा कोन) 64-66 अंशांपर्यंत कलता झाला. फ्रेम लांबल्यामुळे हात फार पुढे जाऊ लागले, ते मागे आणण्यासाठी स्टेम आखूड करावा लागला. म्हणजे स्टेमचा आखूडपणा हा त्या फ्रेमचा परिणाम आहे. तो स्वतंत्रपणे उचलून दुसऱ्या सायकलवर बसवता येत नाही. ट्रायल्सची फ्रेम अगदी निराळी असते. तिचा हेड अँगल साधारण 71 ते 74 अंशांचा, दोन चाकांमधले अंतर 20 इंची सायकलवर जेमतेम एक मीटर आणि 26 इंचीवर त्याहून थोडे जास्त, सीट मुळातच नाही, आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात तो भाग) दोन्ही चाकांच्या आसांच्या रेषेच्या वर. माउंटन बाइकवर तो त्या रेषेच्या खाली असतो, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पाय वर गेले की हातही वर जावे लागतात.

सीट नसल्यामुळे स्वाराचा सायकलशी संबंध फक्त दोन पेडल आणि दोन ग्रिप यांच्यापुरता उरतो. पाय कुठे असतील हे फ्रेमने ठरवून टाकलेले असते. हात कुठे असतील हे बव्हंशी स्टेम आणि हँडल ठरवतात. आपल्या शहराची सायकलिंगची ओळख लांब पल्ल्याची आहे. 2015 साली महाजन बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली तेव्हापासून तर सायकलच्या मापांविषयी इथे पुष्कळ जण आस्थेने बोलतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र ते सगळे ज्ञान सीटवर तासन्‌तास बसणाऱ्या शरीराविषयीचे आहे. ट्रायल्सचा वारसा मोटारसायकल ट्रायल्सकडून आलेला आहे: कातालोनियातले, माँटेसा मोटारसायकलींशी संबंधित असलेले पेरे पी यांनी आपला मुलगा ओत याला त्या खेळाचा सराव सायकलवर करता यावा म्हणून जे प्रयोग केले, त्यांतून हा खेळ आकाराला आला, आणि 1986 पासून यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या जागतिक स्पर्धा होऊ लागल्या. फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभे राहून उंच हँडल धरण्याची मुद्रा त्या मोटारसायकलींवरून इकडे आली. उंच, लांब स्टेम ही त्या मुद्रेची गरज आहे, जुन्या फॅशनचा अवशेष नव्हे.

आता स्पेसरचा मुद्दा, कारण तो ऐकायला सर्वांत पटणारा आहे आणि तोच सर्वांत जास्त दिशाभूल करतो. हेड अँगल 72 अंशांचा धरू. फोर्कची नळी मागे कललेली असल्यामुळे शून्य अंशांचा, म्हणजे नळीशी काटकोनात असलेला स्टेमदेखील आडव्या रेषेपेक्षा 18 अंश वर उचललेला असतो, आणि 35 अंशांचा स्टेम 53 अंश वर जातो. 20 इंची ट्रायल्स सायकलवर नेहमी दिसणारा 150 मिलिमीटर आणि 35 अंशांचा स्टेम घेतला, तर तो हँडलला सुमारे 90 मिलिमीटर पुढे आणि 120 मिलिमीटर वर नेतो. मजकुरात सुचवलेला 50 मिलिमीटरचा सपाट स्टेम हँडलला सुमारे 48 मिलिमीटर पुढे आणि फक्त 15 मिलिमीटर वर नेतो. उंचीतला फरक झाला साधारण 105 मिलिमीटर. तो स्पेसरने भरून काढायचा म्हटले, तर सुमारे 110 मिलिमीटरचे स्पेसर लागतील. आणि स्पेसर कललेल्या नळीवर चढत असल्यामुळे दर 10 मिलिमीटरमागे हँडल 3 मिलिमीटर मागे सरकते, म्हणजे एकूण सुमारे 34 मिलिमीटर. उंची बरोबर जुळली, पण हात 90 ऐवजी जेमतेम 14 मिलिमीटर पुढे राहिले. तब्बल 76 मिलिमीटरचा फरक पडला, आणि हँडल जवळपास स्वाराच्या गुडघ्यांवर आले.

शिवाय एवढे स्पेसर मावतील इतकी लांब नळी ट्रायल्सच्या फोर्कला क्वचितच शिल्लक असते. असली, तरी हेडसेटच्या (नळी ज्यात फिरते त्या बेअरिंगच्या) वर 110 मिलिमीटरपर्यंत एकट्या 28.6 मिलिमीटर व्यासाच्या नळीने सगळा वाक सोसायचा, हे मागच्या चाकावरून दगडावर उतरणाऱ्या सायकलीसाठी मला सुरक्षित वाटत नाही. स्पेसर हे दहा-वीस मिलिमीटरची बारीक जुळवणी करण्यासाठी असतात. स्टेमचे काम ते करू शकत नाहीत.

‘हँडल झटकन वळते’ या दाव्याचीही मोजणी करता येते. वळताना हात ज्या वर्तुळावर फिरतात त्याची त्रिज्या मुख्यतः हँडलच्या रुंदीवर ठरते, स्टेमवर फार थोडी. 730 मिलिमीटरच्या हँडलवर ग्रिपचे टोक मध्यापासून 365 मिलिमीटरवर असते. हँडलचा मागचा बाक सोडून दिला, तर 50 मिलिमीटरच्या सपाट स्टेमला ही त्रिज्या सुमारे 368 मिलिमीटर येते आणि 150 मिलिमीटर, 35 अंशांच्या स्टेमला सुमारे 385. हा फरक साडेचार टक्क्यांच्या आसपास आहे. हाताला जाणवणारा बदल याहून मोठा असतो हे मान्य आहे, कारण लांब स्टेमवर वळताना हात थोडे बाजूलाही सरकतात. पण ट्रायल्समध्ये वेगात वळण घेण्याचा प्रसंगच किती येतो? दोन्ही ब्रेक धरून जागच्या जागी उड्या मारत सायकलचे तोंड फिरवायचे, मागच्या चाकावर उभे राहून कंबरेने दिशा बदलायची, हेच इथले वळणे आहे. त्यात हँडल किती चपळ आहे यापेक्षा हातांना ते कुठून खेचायला मिळते याला महत्त्व आहे.

पुढचे चाक उचलण्याविषयीचा दावा अर्धा खरा आहे. सीटच्या मागे कंबर नेऊन पेडल न मारता पुढचे चाक उचलायचे असेल, तर आखूड स्टेमची मदत होते. ट्रायल्समध्ये मात्र चाक उचलण्याची अडचण सहसा नसतेच: मागची चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या आसापर्यंतची नळी) आखूड असते, बॉटम ब्रॅकेट उंच असतो आणि गिअर इतका हलका असतो की पेडलच्या एका ठोक्यात चाक वर येते. खरी कसोटी चाक वर आल्यानंतरची. मागचा ब्रेक धरून, कोपरे सरळ ठेवून, कंबर मागे सोडून स्वार हँडलला जणू लटकतो, आणि हँडल पुरेसे उंच व पुढे असेल तरच त्याचे वजन मागच्या आसाच्या वर स्थिर राहते. त्यानंतर उडी घेताना कंबर हँडलकडे झेपावते. त्या झेपेला जागा लागते. आखूड स्टेमवर ती जागाच उरत नाही. गुडघे हँडलला लागतात, पेडलचा ठोका अर्धवट राहतो, आणि समोरच्या दगडावर पुढचे चाक टेकवून चढायचे असेल तर त्या चाकावर वजन टाकता येत नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा अंजनेरीच्या पायथ्याशी काळ्या बेसाल्टच्या धोंड्यांवर हे लगेच कळते, कारण तिथे चाक टेकवायला मिळणारी कड अरुंद असते. (गोदाघाटाच्या पायऱ्यांवर सराव करण्याचा मोह कृपया टाळावा, त्या भाविकांच्या आहेत.)

मजबुतीच्या मुद्द्यात भौतिकशास्त्र बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. तेवढ्याच जोराला 150 मिलिमीटरच्या स्टेमच्या मुळाशी 50 मिलिमीटरच्या तिप्पट वाक पडतो, हे खरे. म्हणूनच रोड बाइकचा लांब, हलका स्टेम ट्रायल्सवर कधीही लावू नये. पण ट्रायल्ससाठी बनवलेला स्टेम हा भार गृहीत धरूनच जाड भिंतीचा, रुंद क्लॅम्पचा (पकडीचा) घडवलेला असतो. उलट साधा स्टेम आखूड आहे म्हणून निर्धास्त राहणे धोक्याचे आहे. सायकलींच्या सुरक्षिततेचे आयएसओ 4210 हे मानक स्टंट आणि स्पर्धांसारख्या तीव्र वापरासाठी बनवलेल्या सायकलींना लागूच होत नाही. तेव्हा साध्या स्टेमवर त्या मानकाचा शिक्का असला तरी ट्रायल्समधल्या आपटीविषयी तो काहीही सांगत नाही.

स्टेम तुटण्याची जी कारणे आपल्या हातात असतात, ती लांबीपेक्षा बसवणीत जास्त सापडतात. फेसप्लेटचे (हँडल दाबून धरणाऱ्या पुढच्या झाकणाचे) चार बोल्ट तिरप्या क्रमाने, थोडे थोडे करत आवळायचे असतात. आवळून झाल्यावर डोळा हँडलच्या पातळीला आणून पाहावे: प्लेट आणि स्टेम यांच्यामधली फट वर आणि खाली सारखी दिसली पाहिजे (काही स्टेमवर वरची फट पूर्ण मिटवायची असते, तसे उत्पादकाने लिहिलेले असते). वर दोन मिलिमीटर आणि खाली जवळजवळ काहीच नाही, अशी स्थिती असेल तर खालचे बोल्ट ताणाखाली वाकलेले आहेत असे समजावे. 5 मिलिमीटरच्या बोल्टला बहुधा 5-6 न्यूटन-मीटर पुरतात, पण स्टेमवर छापलेला आकडा अंतिम मानावा आणि टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) वापरावा. नुसत्या एलन कीने हाताच्या अंदाजावर आवळलेला बोल्ट त्याच्या पुष्कळ पुढे सहज जातो.

वर्कशॉपमधून स्टेम बनवून घेण्याच्या सल्ल्याने मला सर्वांत अधिक काळजी वाटते, कारण नाशिकमध्ये तो सहज अमलात येऊ शकतो. अंबड आणि सातपूरच्या कारागिरांचा हात उत्तम आहे. वाहनांचे सुटे भाग इथून देशभर जातात. अडचण कारागिरीची नाही, धातूच्या स्वभावाची आहे. 6061 ॲल्युमिनियमची टी-6 अवस्थेतली ताकद सुमारे 276 मेगापास्कल असते, पण ती उष्णोपचाराने आलेली असते. दोन तुकडे वेल्ड केले की जोडालगतच्या पट्ट्यात ती ताकद निघून जाते, आणि पुन्हा पूर्ण उष्णोपचार केल्याशिवाय परत येत नाही. बाहेरून जोड सुबक दिसतो, आत तो पट्टा मऊ झालेला असतो, आणि स्टेमवर तो नेमका सर्वाधिक वाकाच्या जागी येतो. 7075 तर नेहमीच्या पद्धतीने वेल्ड करण्याजोगा धातूच नाही. अखंड ठोकळ्यातून सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) कोरलेला स्टेम ही गोष्ट वेगळी. तो चांगला होऊ शकतो, पण आतल्या कोपऱ्यांना गोलाई, क्लॅम्पच्या कडांना उतार आणि बोल्टच्या आट्यांना पुरेशी खोली या तिन्ही गोष्टी ज्याला ठाऊक आहेत त्यानेच आराखडा करावा. क्लॅम्पची धारदार कड हँडलवर ओरखडा पाडते आणि पुढे हँडल तिथूनच तुटते. कोणाच्या दातांचा आणि मनगटांचा प्रश्न असताना इथे पैसे वाचवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोन बदलता येणारा, मध्ये सांधा असलेला स्टेम ‘आधी वापरून पाहायला बरा’ असे त्याच मजकुरात शेवटी म्हटले आहे. शहरात फिरण्याच्या सायकलीवर तो ठीक आहे. ट्रायल्सवर एका उडीसाठीसुद्धा नको.

आखूड स्टेम ट्रायल्सच्या जगात कुठेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. 2009 साली एडिंबरामधल्या चित्रफितीमुळे डॅनी मॅकॲस्किल जगभर पोचला तो स्ट्रीट ट्रायल्समुळे. त्या प्रकारच्या सायकलींना 24 इंची चाके आणि छोटी सीट असते, आणि त्यांवर फिरक्या, बनी हॉप (दोन्ही चाके हवेत उचलण्याची उडी), उताराच्या कडेवरून उड्या हे सगळे वेगात केले जाते. तिथे स्टेम तुलनेने आखूडच लावतात. तरीही तो माउंटन बाइकच्या 35 मिलिमीटरइतका आखूड नसतो, आणि त्याला चढ असतोच. ज्यांना कॉलेजच्या कट्ट्यांवर आणि पायऱ्यांवर खेळायचे आहे त्यांनी त्या वाटेने जावे, पण त्यासाठी फ्रेमही त्या प्रकारची हवी.

मग निवड कशी करावी? लांबीच्या आकड्याकडे न पाहता हातांच्या जागेकडे पाहावे. सपाट फरशीवर सायकल सरळ उभी करून हँडलच्या मध्यातून ओळंबा सोडावा आणि बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हँडलचे आडवे अंतर व उभी उंची अशी दोन मापे टिपून घ्यावीत. आपल्याच उंचीचा अनुभवी स्वार ज्या सायकलवर सहज खेळतो तिची हीच दोन मापे घ्यावीत आणि फरक स्टेमच्या लांबी व कोन या दोन्हींनी मिळून भरून काढावा. मागच्या चाकावर उभे राहताना सायकल सतत पुढे पडत असेल तर हँडल आधी उंच करून पाहावे; दगडावर चढताना पुढचे चाक तरंगत राहत असेल तर ते पुढे न्यावे. एका वेळी एकच बदल, तोही दहा मिलिमीटरच्या आसपास, आणि पुढचा बदल करण्याआधी शरीराला सवय होऊ द्यावी. विकत घेण्यापूर्वी हँडलच्या क्लॅम्पचा व्यास 25.4, 31.8 की 35 मिलिमीटर आहे ते पाहावे; 35 चे हँडल 31.8 च्या स्टेममध्ये बसत नाही आणि कोणी ते घासून बसवून देत असेल तर घेऊ नये.

नवा स्टेम कमी उंचीच्या क्लॅम्पचा निघाला आणि फोर्कची नळी वर जास्त राहिली, तर ती लगेच कापू नये. उरलेल्या भागावर, स्टेमच्या वरच्या बाजूला, स्पेसर चढवून काही आठवडे सायकल चालवावी. जागा पक्की झाल्यावरच नळी वरच्या कडेपासून सुमारे 3 मिलिमीटर आत राहील अशी कापून घ्यावी, म्हणजे वरच्या टोपीच्या बोल्टने हेडसेटचा ताण नीट बसतो. एकदा कापलेली नळी पुन्हा वाढवता येत नाही, आणि ट्रायल्सचा फोर्क इथे सहज मिळत नाही.