'इंजिन घरीच खोला'वाल्या मेसेजला उत्तर

'मिस्त्रीचे 30 हजार वाचवा, इंजिन घरीच खोला' हा मेसेज फिरत फिरत परभणीला आमच्या भाच्याकडे पोचला. पठ्ठ्याने अंगणात ताडपत्री टाकून पाने मांडलेसुद्धा! त्यामुळे हे लिहिणं आलं.

"हेड गरम असतानाच खोला, बोल्ट लवकर सुटतात." सुटतील, पण बहुतेक गाड्यांचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा झाकणासारखा भाग, अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि गरमपणी खोललं की ते वाकतं. पूर्ण गार होऊ द्या. परभणीच्या उन्हाळ्यात रात्र लागली तर लागू द्या. बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सोडायचे.

"मेन बेअरिंगच्या कॅप सगळ्या सारख्याच, कुठलीही कुठेही बसते." इथे मात्र डोकंच फिरलं. अहो, क्रँकला (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला) ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर, धरून ठेवते ती ही कॅप. कारखान्यात कॅप ब्लॉकवर आवळून मग सगळी भोकं एका रेषेत बोअर करतात. म्हणजे प्रत्येक कॅप फक्त आपल्याच जागेची, आपल्याच दिशेची. बहुतेक कॅपवर नंबर आणि बाण असतो तो त्यासाठीच. क्रँक आणि शेल (कॅपच्या आत बसणारी बेअरिंगची पातळ पट्टी) यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी. त्यातच ऑइलचा पातळ थर राहतो. कॅप अदलाबदल झाल्या की क्रँक जाम होते, नाहीतर फिरते आणि थोड्या दिवसांत शेल खाऊन टाकते. कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या, कॅपचंही तेच. कुठल्याही गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा, कॅपचा नंबर आणि दिशा जपा असंच सांगेल. प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवून बघायची. अडली तर तिथेच थांबायचं.

"हेडचे जुने बोल्टच वापरा, टॉर्क पाना म्हणजे कंपनीचं नाटक." बऱ्याच नव्या इंजिनांत बोल्ट आधी ठरलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या मोजलेल्या जोरावर), मग अंशांत मोजून आवळतात. ते ताणले जातात, म्हणून मॅन्युअल नवे टाकायला सांगतं. अंदाजाने आवळलं तर गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) पुन्हा उडणार.

पॉलिश पेपरने ब्लॉक घासायचा सल्ला तर सोडूनच द्या. ती भुकटी ऑइलमधून थेट बेअरिंगमध्ये जाते.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य: निळा धूर दिसला की तपासणी न करता 'फुल इंजिन', म्हणजे सगळं इंजिन खोलायचं काम, सांगणारे गॅरेजवाले आहेत. कधी कधी नुसते व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात. ब्लॉकला हात लावायचीही गरज नसते. म्हणून आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या. भाच्याला तेच सांगितलंय. आणि ब्लॉक खोलावाच लागला तर कॅपवरच्या नंबरांचे फोटो आधी काढ, बोअर (सिलिंडरचं भोक) लेथवाल्याकडून गेजने मोजून घे. सिलिंडर गोलाचा लंबगोल झालाय का, हे नुसतं बघून कळत नाही.