उणे निवडणूक

आमच्या चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीचा मी सचिव झालो, तो सभेला उशिरा पोचल्यामुळे. जो गैरहजर, तो बिनविरोध. पहिल्याच बैठकीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "१९६० च्या सहकार कायद्यात २०१९ साली आपल्यासारख्या संस्थांसाठी १५४-ब ची कलमं घातली, ती वाचलीत ना?" मी चहाच्या कपात बघत राहिलो.

त्या रात्री ठरवलं, की सरकारी कागदाचं एक चिटोरंही यापुढे नजरेतून सुटू द्यायचं नाही. मेलवर बातम्यांचे अलर्ट लावले. शब्द चारच: सोसायटी, सहकार, धोरण, परिपत्रक. किती वेळाने कळवू, या प्रश्नावर 'लगेच'.

सकाळी एकशे बारा मेल.

महाराष्ट्रात सोसायटी म्हणजे मुळात गावची विविध कार्यकारी सोसायटी, हे फ्लॅटमधला माणूस विसरतो. कुठल्या गावात कुठल्या पॅनेलने तेराच्या तेरा जागा घेऊन गुलाल उधळला, हे मला त्या गावच्या सरपंचाआधी कळू लागलं. 'सहकार'ने साखर कारखाने, उसाची पहिली उचल आणि पुण्याच्या सहकारनगरातला गुरुवारचा पाणीबंद आणला. 'परिपत्रक'ने कुठल्याशा विद्यापीठाचं सुधारित वेळापत्रक आणि संध्याकाळी त्याची सुधारणा. 'धोरण' या शब्दाने जे आणलं, त्याबद्दल न बोललेलं बरं; आपल्याकडे ते प्रत्येक पुढाऱ्याला असतं आणि रोज असतं.

"एवढे मेल कुणाचे?" बायकोने विचारलं.

"सरकारचे."

"सरकार एवढं काम करतं?"

मग भाच्याने अक्कल शिकवली. शब्द अवतरणचिन्हांत घातले की तेवढाच नेमका शोधला जातो. नको असलेल्या शब्दाआधी उणे चिन्ह टाकलं की तो गळतो. मी 'गृहनिर्माण संस्था' अवतरणात घातलं आणि हात सैल सोडला. उणे ऊस. उणे साखर. उणे गुलाल. उणे निवडणूक. शिवाय 'लगेच'चं 'दिवसातून एकदा' केलं, आणि जे येईल ते आपोआप 'महत्त्वाचे' नावाच्या कप्प्यात जावं, अशी व्यवस्था केली. तो कप्पा मी अजून उघडलेला नाही.

काय शांतता होती म्हणून सांगू! सप्टेंबर लागला. ३० तारखेच्या आत वार्षिक सभा घ्यायची, म्हणून मी आरामात विषयपत्रिका लिहीत होतो. बेल वाजली. दारात काका, हातात शासन निर्णयाची छापील प्रत, वरच्या अठरा आकडी सांकेतांकाला लाल पेनने गोल.

"सचिव, संस्थांच्या निवडणुकीबद्दल नवं आलंय. पाहिलंत?"

निवडणूक. उणे.

"तुम्हाला कुठे मिळालं?" मी कसाबसा विचारलं.

"मिळायचंय काय? दर सोमवारी शासनाची साइट उघडतो, सहकार विभाग निवडतो, मागच्या सोमवारपासूनची तारीख टाकतो. यादी बघून होईतो चहासुद्धा गार होत नाही."

चारही अलर्ट मी त्याच रात्री बंद केले. आता एकच उरलाय. दर सोमवारी साडेनऊला बेल वाजवतो आणि आल्याचा चहा मागतो. मात्र त्याला उणे चिन्ह लागत नाही. परवा सांकेतांकाबरोबर गच्चीवरची गळती, जिन्यातल्या चपला आणि माझ्या गाडीचं पार्किंग हेही आलं.